दुसरा साप, पण मोठा हवाय : बोआ, कार्पेट पायथन की बुल स्नेक?

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धागा काढतोय. माझ्याकडे चार वर्षांपासून एक कॉर्न स्नेक आहे, मादी, पिल्लू आणली तेव्हा बुटाच्या नाडीएवढी होती, आता १२० सेंमी आणि ४८० ग्रॅम. खाणं, कात, सगळं वेळच्या वेळी, आजवर एकदाही चावली नाही. तिच्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण आता दुसरा आणायचं मनात आहे आणि तो मोठा हवाय. मोठा म्हणजे अवाढव्य नाही, १८० सेंमीच्या आसपास, जास्तीत जास्त दोन मीटर, पण हातात घेतल्यावर जनावर हातात आहे असं वाटायला हवं. कॉर्न सारखी बोटांतून निसटत असते, मला जरा जड आणि सावकाश काहीतरी हवंय.

वाचून वाचून तीन नावांवर आलोय, बोआ, कार्पेट पायथन आणि बुल स्नेक, आणि तिघांबद्दल इतकं उलटसुलट लिहिलंय की काही ठरतच नाहीये. ज्यांनी प्रत्यक्ष पाळलेत त्यांनी सांगा. जागा आहे, २१० सेंमीची भिंत मोकळी आहे. घरात मी आणि बायको, तिला भीती वाटत नाही पण खाऊ घालायच्या कामात ती पडत नाही. घाई नाही, सहा महिने थांबायची तयारी आहे.

सावरी

छान धागा. आधी एक विचारते, मोठा म्हणजे लांब हवाय की जड? कारण तुम्ही लिहिलंय एक आणि यादीत घेतलंय दुसरं. बुल स्नेक १८० सेंमीचा झाला तरी तो तुमच्या कॉर्नचा थोरला भाऊच वाटेल, तसाच चपळ, तसाच सतत पुढे पुढे जाणारा. १८० चा बोआ म्हणजे मनगटापेक्षा जाड, निव्वळ स्नायू. सेंटिमीटर तेच, जनावर वेगळं.

बोआवाली

सावरीने नेमकं बोट ठेवलंय. माझ्याकडे बोआ चौदा वर्षं आहेत, सध्या दोन, म्हणून त्याच्यावरच लिहिते, लांबेल जरा.

बोआ म्हणून जे बहुतेक ठिकाणी मिळतात ते बोआ इम्परेटर, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकापर्यंतचे. नर साधारण १५० ते १८० सेंमीपर्यंत, मादी १८० ते २४० पर्यंत जाऊ शकते आणि जाडीला दीडपट. म्हणजे "बोआ केवढा होतो" या प्रश्नाचं उत्तर नर की मादी यावर आहे, तुमची दोन मीटरची मर्यादा पक्की असेल तर नरच बघा. आयुष्य वीस ते तीस वर्षं. आज तुमचं वय काय असेल त्यात तीस मिळवा आणि तेव्हा हे पेटारं कुठे ठेवलेलं असेल याचा विचार आत्ताच करा, मी केला नव्हता, दोन घरं बदलताना फार ओढाताण झाली.

स्वभावाने मोठे बोआ बहुतेक शांत असतात, पिल्लं फुत्कारतात पण रोज थोडा वेळ दिला की वर्षभरात निवळतात. हातात घेतला की तो तुम्हाला धरून बसतो, कॉर्नसारखा पळत नाही, त्याला आपल्या हाताचा आधार हवा असतो, आणि पहिल्यांदा तो विळखा दंडावर बसतो ना तेव्हा कळतं की हा किती ताकदीचा प्राणी आहे, आवळत नसतो हं, नुसता धरून असतो, तरी कळतं.

आता माझी चूक सांगते कारण कॉर्नवाले नेमके इथेच फसतात. कॉर्नला आपण आठ-दहा दिवसांनी उंदीर देतो, आठवड्यात पचवून मोकळी होते. बोआचं तसं नाही, त्याचं पचन फार संथ, खाल्लेलं बाहेर पडायला महिनासुद्धा लागतो. मी पहिल्या मादीला कॉर्नच्या हिशोबाने दर आठवड्याला खाऊ घालत गेले, भराभर वाढली, सगळे म्हणायचे काय सुंदर वाढलीये. पाचव्या वर्षी शेपटीच्या आधी चरबीच्या वळ्या दिसायला लागल्या आणि एक दिवस खाल्लेलं उलटून टाकलं. डॉक्टरांनी वजन केलं, बोटाने पाठीचा कणा चाचपून बघितला, लागलाच नाही हाताला. नवव्या वर्षी गेली ती. जी पंचवीस वर्षं जगायला हवी होती ती माझ्या हौसेपायी नवव्या वर्षी गेली, हे मी विसरलेले नाही. आता मोठ्या नराला तीन-चार आठवड्यांनी एकदा, अंगाच्या जाडीएवढाच किंवा थोडा बारीकच उंदीर, आणि दर महिन्याला वजन वहीत.

रातकिडा

कार्पेट पायथनवर मी लिहितो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला साप, पोटजाती बऱ्याच आहेत, त्यात जंगल कार्पेट म्हणजे काळा-पिवळा तो क्वीन्सलँडच्या ओल्या जंगलातला, दोन मीटरच्या आतबाहेर राहतो, कोस्टल त्याहून मोठा होतो. दिसायला माझ्या मते या तिघांत सगळ्यात देखणा, रात्री फांदीवर डोकं खाली सोडून वाट बघत बसतो ते दृश्य बघत मी तास तास बसलोय.

पण त्याचं खाण्याचं वेड फार जबरदस्त. खालच्या ओठावर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, अंधारात ऊब हलली की तो झेपावतो, विचार नंतर. माझी मादी साडेतीन वर्षांची असताना मी रात्री दहाला फ्रीजरमधला उंदीर काढून पाण्यात ठेवला, तिला द्यायचाच नव्हता, दुसऱ्या सापासाठी होता, आणि हात नीट न धुता तिचं पाणी बदलायला दार सरकवलं. मला ती हललेली दिसलीच नाही. अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात दात रुतले आणि त्याच क्षणी मनगटाभोवती दोन वेढे. दुखलं म्हणाल तर फार नाही, पण हात ओढायची जी ऊर्मी येते ना ती दाबणं अवघड, दात सगळे आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की आपलं कातडं फाटतं आणि तिचे दात तुटून आत राहतात. मी बेसिनपर्यंत तसाच चालत गेलो आणि गार पाण्याची धार तिच्या तोंडावर धरली, मिनिटभराने सोडलं. नंतर हातावर अर्धगोलात बारीक बारीक टिपके उमटले होते, सुईने टोचल्यासारखे, मोजून एकतीस.

चूक पूर्ण माझी. तेव्हापासून दार उघडलं की आधी साप उचलायच्या हुकने अंगावर हलकेच थोपटतो, थोपटलं म्हणजे खाणं नाही, हात येणार आहे, हे तिला पाच-सहा आठवड्यांत कळलं. खाऊ घालायच्या चिमट्याची लांबी निदान ४५ सेंमी. दिवसाउजेडी काढली तर तीच मादी इतकी निवांत असते की विश्वास बसत नाही. त्यामुळे कार्पेट वाईट असं अजिबात म्हणत नाहीये, पण पहाटवारा, तुमची कॉर्न चार वर्षांत एकदाही चावली नाही म्हणता, म्हणजे तुम्हाला अजून चाव्याची सवय नाही. ती मनाची तयारी हवी.

निळी_जीभ

बॉल पायथन का नाही घेत? शांत, जड, सगळीकडे मिळतो.

सावरी

@निळी_जीभ, बॉल पायथन छानच पण तो जाड आहे, मोठा नाही, १२० ते १५० सेंमीत थांबतो आणि दिवसभर लपून बसतो. शिवाय महिनोन् महिने खाणं सोडून द्यायची सवय, ज्याला अनुभव नाही त्याचा जीव टांगणीला लागतो. आयुष्य मात्र अफाट, सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये बासष्टच्या आसपास वय असलेल्या बॉल पायथन मादीने अंडी घातली, तीही पंधरा-एक वर्षं नराशी गाठ न पडता.

आता बुल स्नेक. माझ्याकडे जोडी आहे. उत्तर अमेरिकेतल्या माळरानाचा साप, १५० ते १८० सहज, काही दोन मीटरच्या पुढे. लोक घाबरतात ते फुत्काराला. त्याच्या श्वासनळीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, हवा जोरात सोडली की तो थरथरतो आणि जो आवाज येतो तो शेजारच्या खोलीत ऐकू जातो, सोबत शेपूट पानांत आपटतो, डोकं चपटं करतो, थेट रॅटलस्नेकची नक्कल. पण बहुतेक वेळा नुसती हूल असते, माझ्या नराने पहिले दोन महिने रोज असं केलं आणि तोंड उघडून कधी चावला नाही.

गंमत म्हणजे तो दिवसा जागा असतो! तुम्ही टेबलाशी काम करताय आणि हा काचेमागून माती उकरतोय, बोगदे करतोय, बाहेर डोकावतोय. तापमान जवळपास कॉर्नसारखंच, पेटाऱ्याचं गरम टोक २९-३१ अंश, बाकी साधं, ओलाव्याचं टेन्शन नाही. कॉर्नवाल्याला शिकण्यासारखं नवीन फार कमी. वाईट काय, तर खातो भरपूर, पचवतो झटपट, त्यामुळे साफसफाई भरपूर. आणि हातात स्वस्थ बसणार नाही. तुम्ही धागा काढतानाच "जड आणि सावकाश" लिहिलंय, म्हणून माझा लाडका साप असूनही मी तुम्हाला बुल सुचवणार नाही.

निळी_जीभ

मग थेट बर्मीज पायथन घ्या ना, स्वभावाने कुत्र्यासारखा असतो म्हणतात. मोठा म्हणजे मोठाच घ्यावा.

विळखा७

@निळी_जीभ, राग मानू नका, पण हे वाचून मला राहवलं नाही. माझ्याकडे बर्मीज होती. स्वभावाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी हाताळलेला सगळ्यात गोड साप तो. ६० सेंमीचं पिल्लू आणलं तेव्हा दोन तळहातांत मावायचं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ३ मीटर ३० आणि २२ किलो. पूर्ण वाढलेली मादी ४-५ मीटरपर्यंत जाते हे मला माहीत होतं, वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि ते पेटारं रोज सकाळी डोळ्यासमोर लहान लहान होत जाताना बघणं वेगळं.

एवढ्या सापाला एकट्याने कधीच काढायचं नसतं, हा नियम मी पाळला. भाऊ बरोबर राहायचा तोवर ठीक होतं. तो दुसऱ्या गावी गेला आणि मी अडकलो. साफसफाईला मित्र येईपर्यंत दोन दोन दिवस घाण तशीच राहायची आणि मी काचेबाहेरून तिच्याकडे बघत बसायचो, तिचा काय दोष होता त्यात. शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका निवारा केंद्राने घेतली, त्यांच्याकडे आधीच अशा सहा होत्या, सगळ्या कोणीतरी हौसेने आणलेल्या. गाडीतून उतरवताना दोघांनी उचललं तेव्हा तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं होतं. तिला त्याचा काही अर्थ नसेल, ऊब लागली असेल इतकंच. माझ्या मनातून ते जात नाही.

आणि ज्यांना केंद्र मिळत नाही ते काय करतात ते एव्हरग्लेड्समध्ये दिसतंच. फ्लोरिडाच्या त्या दलदलीत सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मीजनी तिथले रॅकून, ओपॉसम, ससे जवळजवळ संपवत आणले, म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेने त्यांची आयातच बंद केली. साप वाईट नाही हो, तो त्याच्या जागी अप्रतिम आहे. घरात त्याची जागा नाही.

निळी_जीभ

विळखा७, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. मी विचार न करता बोललो.

पहाटवारा

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सावरीताईंचा प्रश्न डोक्यात बसला. मला वजन हवंय, लांबी नाही, हे आज नीट कळलं. बुल मनातून गेला (वाईट वाटतंय, दिवसा जागा असतो हे वाचून खूप मोह झाला होता). कार्पेट आणि बोआ उरले, त्यात कल बोआकडे. आता विचारायचं ते हे :

पिल्लू आणू की मोठा? आणि दोघांना एकाच मोठ्या पेटाऱ्यात मधे फळी घालून ठेवलं तर चालेल का, एकच हीटर लागेल म्हणून विचारतोय.

रातकिडा

फळी अजिबात नको. साप एकएकटे राहणारे, त्यांना सोबत नको असते. आणि फळीच्या फटीतून बोआला रात्रभर कॉर्नचा वास येत राहणार, कॉर्नला बोआचा. कॉर्न खाणं सोडेल. शिवाय एकाला रोग झाला की दुसऱ्याला झालाच. वेगळी पेटारी, वेगळे थर्मोस्टॅट, जमलं तर वेगळी खोली.

पशुवैद्य२

व्यवसायाने पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी बऱ्यापैकी बघते, म्हणून वेगळ्या खोलीच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण दुसरा साप आणताना खरा धोका नव्या सापाला नसतो, जुन्याला असतो. तुमची कॉर्न चार वर्षं एकटी आहे, बाहेरचं काही तिच्यापर्यंत आलेलंच नाही.

निदान ९० दिवस नवा साप वेगळ्या खोलीत. रोज आधी कॉर्नचं काम, मग नव्याचं, उलट कधीच नाही. पाण्याचं भांडं, चिमटा, हुक, फडकं सगळं दुहेरी. नव्याच्या पेटाऱ्यात या काळात माती-साल काही नको, पांढरा साधा कागद अंथरा. कारण माइट्स, सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान, काळे, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीच्या खाचेत बसतात, पांढऱ्या कागदावर आणि पाण्याच्या भांड्याच्या तळाशी सगळ्यात आधी दिसतात. साप अचानक तासन् तास पाण्यात बसायला लागला तर भांडं उजेडात तिरकं करून तळ बघा. अंडी सापावर नसतात, फटींमध्ये असतात, म्हणून नुसता साप धुऊन भागत नाही.

बोआच्या बाबतीत आणखी एक. त्यांच्यात एक विषाणूजन्य आजार आहे, पेशींमध्ये गोळे साठतात, २०१२ मध्ये कळलं की एका अरेनाविषाणूमुळे होतो. त्रास असा की बोआ तो अंगात घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. अजगरांमध्ये नायडोविषाणू आहे, त्यात तोंडात फेस, श्वासाला घरघर. दोन्हीच्या चाचण्या होतात, रक्त किंवा तोंडातला स्वॅब. बोआ आणणार असाल तर आणल्यावर चाचणी करूनच घ्या, निगेटिव्ह आली तरी ९० दिवस पूर्ण करा. फळीची कल्पना का नको, ते आता लक्षात आलं असेल.

बोआवाली

पिल्लू की मोठा, तर माझं मत स्पष्ट आहे, मोठा. लोक म्हणतात पिल्लापासून वाढवलं की ओळख होते. पण पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल, केवढा होईल, नर म्हणून दिलेला खरंच नर निघेल का, सगळंच बेभरवशाचं. सहा-सात वर्षांचा बोआ जसा आहे तसा समोर दिसतो. हातात घेऊन बघता येतं, वजन करता येतं, खाताना बघता येतो. आणि चांगले मोठे साप घर शोधत असतातच, कोणाची बदली, कोणाला बाळ झालं. फक्त तिथे जाऊन तीन गोष्टी बघाच : श्वास ऐकायला कान जवळ न्या, शिट्टी किंवा घरघर नको. मध्यभागी धरून उचला, दोन्ही टोकं आपणहून सावरायला हवीत, लुळी लोंबायला नकोत. आणि आधीच्या मालकाची खाण्याची नोंद मागा, जो नोंद ठेवतो त्याचा साप बहुधा चांगला असतो.

कागदपत्रं विसरू नका. सगळे बोआ आणि अजगर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस यादीत आहेत, म्हणून जन्म पाळीव आईबापांकडचा असल्याचा पुरावा हवा, आणि आपण राहतो तिथे तो साप ठेवायला परवानगी आहे का, हे आणण्याआधी. रानातून धरलेला साप कोणी कितीही गोड बोलून देत असला तरी नको. त्या जनावरावर अन्याय आहे तो.

तापमापक

पेटारं आधी, साप नंतर. दोन आठवडे रिकामं चालवून बघा. १८० × ६० × ६० सेंमी घ्या, कमी नको, साप अंग सरळ करू शकला पाहिजे. उष्णता वरून द्या, रेडियंट पॅनेल किंवा तत्सम, जड सापाला खालून हीट मॅट नको, वजनाने पोट दाबून बसतो आणि भाजेपर्यंत त्याला कळत नाही. दिवा असेल तर जाळी हवीच, तो त्याला विळखा घालून बसेल. गरम टोक ३०-३२, थंड २४-२६, थर्मोस्टॅटशिवाय एकही हीटर लावायचा नाही आणि थर्मोस्टॅटवर भरवसा न ठेवता वेगळा थर्मामीटर दोन्ही टोकांना. ओलावा ६०-७० टक्के, कातीच्या वेळी थोडा वर.

सरकत्या काचेला कुलूप लावा. कॉर्न फट शोधते, बोआ फट तयार करतो. माझ्याकडचा दीड मीटरचा काच नाकाने ढकलून दोन सेंमी सरकवायचा, रोज रात्री, न कंटाळता. आणि फांदी ठेवाल ती भिंतीत पक्की ठोकलेली हवी, नुसती टेकवलेली अंगावर पडते.

विळखा७

सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. दोन मीटरच्या आतला नर एकटा हाताळू शकता, पण पहिले काही महिने खाऊ घालताना घरात कोणीतरी असू द्या, काम त्यांनी काही करायचं नाही, नुसतं घरात असायचं. गळ्यात कधीच घालू नका, फोटोसाठीही नाही. २०१५ मध्ये बोआवरच प्रयोग झाले, त्यात दिसलं की विळख्याने उंदीर गुदमरून मरत नाही, काही सेकंदांत त्याचं रक्ताभिसरणच थांबतं. म्हणजे आवळतो तेव्हा वेळ फार कमी असतो. हातावर विळखा बसलाच तर शेपटीकडून सोडवत यायचं, डोक्याकडून नाही, शेपटीच्या टोकाला जोर सगळ्यात कमी असतो. हे बायकोलाही एकदा करून दाखवा.

पहाटवारा

अपडेट. काल एक बोआ बघून आलो. सात वर्षांचा नर, १७० सेंमी, २ किलो ८००, मालकाची बदली होतेय आणि तिकडे नेता येत नाही. खाण्याची वही आहे, सात वर्षांची, तारखेसकट!

त्यांनी दार उघडलं, हुकने थोपटलं आणि खालून दोन्ही हात घालून उचलून माझ्याकडे दिला. मी कॉर्नच्या सवयीने बोटं सैल ठेवली होती, तर त्याने आधी माझा डावा दंड धरला, मग सावकाश उरलेलं अंग ओढून घेतलं आणि थांबला. थांबलाच. कॉर्न कधी थांबत नाही. जीभ एकदा माझ्या मनगटाशी, एकदा शर्टाच्या बटणाशी, मग डोकं कोपराच्या खाचेत ठेवून स्वस्थ. अंगावरच्या खवल्यांना खिडकीच्या उजेडात निळसर झाक येत होती आणि शेपटीकडे तो विटकरी रंग. दहा मिनिटांनी दंड भरून आला, पण खाली ठेववेना. कान लावून श्वास ऐकला, आवाज नाही. मध्यभागी धरून उचललं, दोन्हीकडून सावरला. हनुवटीची खाच बघितली, स्वच्छ.

बायको बरोबर होती. तिने हात लावला आणि विचारलं, हा किती वर्षं जगेल. मी म्हटलं अजून वीस तरी. ती परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, शेपटीकडून सोडवायचं ते मला दाखव.

पेटारं करायला टाकलंय. तयार होऊन दोन आठवडे चाललं की आणतो.

पशुवैद्य२

चाचणी विसरू नका.

पहाटवारा

(साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतोय, ज्यांनी सांगितलं त्यांना कळायला हवं म्हणून. आल्यावर रक्त आणि स्वॅब दोन्ही दिलं, निगेटिव्ह. ९० दिवस आतल्या खोलीत कागदावर ठेवला, रोज आधी कॉर्न मग हा, चिमटे वेगळे, एकावर लाल दोरा बांधला म्हणजे चूक नको. माइट्स नाहीत. पहिल्या आठवड्यात खाणं दिलंच नाही, दहाव्या दिवशी दिलं तर तोंड फिरवलं, पुढच्या खेपेलाही तेच. धीर सुटायला लागला होता, पण वही काढून बघितली तर आधीच्या मालकाकडे त्याने दोनदा दीड दीड महिना काही खाल्लेलं नव्हतं, एकदा पेटारं बदललं तेव्हा आणि एकदा घरात रंगकाम चालू असताना. म्हणून वाट बघितली. सदतिसाव्या दिवशी रात्री घेतला, इतका हळू की आधी वाटलं नुसता हुंगतोय.

गेल्या महिन्यात मोठ्या पेटाऱ्यात हलवला. आणि आज सकाळी पहिली कात. मागच्या आठवड्यात डोळे दुधाळ झाले तेव्हाच ओलावा ७५ वर नेला होता. फांदीला घासून काढलेली दिसते, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, उलटी मोज्यासारखी. पसरून मोजली तर २०० सेंमी भरली, कात ताणली जाते हे माहीत आहे तरी दोनदा मोजली.

बोआवाली

फार फार छान वाटलं वाचून. डोक्याचा भाग उजेडात धरून बघ, डोळ्यांवरच्या चकत्याही कातीबरोबर आल्यात का दोन्ही?

पहाटवारा

आत्ता खिडकीशी जाऊन बघितलं ताई. आल्यात, दोन्ही, काचेसारख्या.